खोटे नाणे पुढे सरकवण्याची सजा

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २४१ खाली एक छोटासा दाखला दिलेला होता. 'क' हा खोटी नाणी पाडणारा. त्याने कंपनी सरकारचे बनावट रुपये खपवण्यासाठी आपला साथीदार 'ख' याला दिले. 'ख'ने ते 'ग'ला विकले. 'ग'ही त्याच धंद्यातला. रुपये खोटे आहेत हे ठाऊक असूनच त्याने ते घेतले. मग 'ग'ने त्या रुपयांवर 'घ'कडून माल उचलला. 'घ'ला काहीच पत्ता नव्हता. रुपये गल्ल्यात पडल्यावर त्याच्या लक्षात आले, की आपण फसलो. त्याने काय करावे? तेच रुपये खरे म्हणून आणखी कुणाच्या तरी हातावर टेकवले.

कायद्याचा प्रश्न असा, की या चौघांना एकाच मापाने मोजायचे का?

संहिता रचणाऱ्यांचे उत्तर होते : नाही. नाणे पाडणाऱ्या 'क'ला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. 'ख' आणि 'ग' यांना कलम २४० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, कारण नाणे हातात आले त्याच क्षणी ते खोटे असल्याचे त्यांना माहीत होते. आणि 'घ'ला? जास्तीत जास्त दोन वर्षे, किंवा खोट्या नाण्याच्या किमतीच्या दहापट दंड, किंवा दोन्ही. दहा रुपयांचे खोटे नाणे चहावाल्याच्या गळ्यात मारणाऱ्याला न्यायाधीश शंभर रुपये दंड करून सोडू शकत होता. 'घ' निर्दोष नव्हता. कळल्यानंतर त्याने फसवले, हा त्याचा गुन्हाच. पण तो स्वतः आधी फसला होता आणि आपले नुकसान दुसऱ्यावर ढकलण्यापलीकडे त्याला काही कमवायचे नव्हते, एवढे कायद्याने ओळखले होते.

खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी 'घ' होण्याचा मोह अनुभवलेला असतो. बद्द वाजणारे, कडेला ओबडधोबड असे एखादे नाणे सुट्ट्या पैशांत येते आणि ते वेगळे काढून फेकून देण्याऐवजी आपण ते चार खऱ्या नाण्यांच्या मध्ये घालून पुढच्याला देतो. बस कंडक्टर, भाजीवाली आणि देवळातली दानपेटी हे या नाण्यांचे नेहमीचे मुक्काम. देवाच्या पेटीत टाकणाऱ्याचे धाडस तर दाद देण्यासारखेच! याला कुणी गुन्हा म्हणत नाही, व्यवहार म्हणतात. कायदा मात्र पहिल्यापासून याला गुन्हाच म्हणत आला आहे. प्रश्न फक्त केवढा, इतकाच होता. आणि १ जुलै २०२४ पासून त्या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे.

ते पाहण्याआधी जुनी शिडी जरा नीट पाहू. दंड संहितेचे बारावे प्रकरण कलम २३० पासून सुरू होई आणि त्यातली पंचवीस कलमे केवळ नाण्यांना वाहिलेली होती. पहिल्याच कलमात नाणे म्हणजे काय ते सांगितलेले. कवड्या म्हणजे नाणे नव्हे. ठसा नसलेले तांब्याचे तुकडे बाजारात पैसा म्हणून चालत असले तरी नाणे नव्हे. पदके नाणे नव्हेत. कुण्या सार्वभौम सत्तेने ठसा मारून पैसा म्हणून वापरायला काढलेला आणि सध्या तसा वापरात असलेला धातू म्हणजे नाणे. त्यातही दोन थर : कोणत्याही देशाचे नाणे आणि भारतीय नाणे (आरंभी 'राणीचे नाणे'). परक्या देशाचे खोटे नाणे जाणूनबुजून खपवले तर पाच वर्षांपर्यंत, भारतीय खपवले तर दहा. नुसते जवळ बाळगले आणि हेतू फसवण्याचा असला तर तीन किंवा सात. साचे, ठसे आणि हत्यारे यांची कलमे वेगळी. टांकसाळीतल्याच नोकराने नाण्याचे वजन किंवा मिश्रण बिघडवले तर सात वर्षे. तिथले हत्यार पळवले तरी सात.

आणि मग फेरफार केलेल्या नाण्यांचा स्वतंत्र गट. तो आज वाचताना विचित्र वाटतो, कारण पोलादी रुपयाची कड कापून कुणाला काय मिळणार? पण चांदीच्या रुपयाच्या काळात हा भरवशाचा धंदा होता. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. नाण्याची किंमत त्याच्या अंगातच होती. म्हणून कडा बारीक कातरून घ्यायच्या, थैलीत नाणी खूप वेळ हलवून झडलेला चुरा गोळा करायचा किंवा नाणे आतून कोरून पोकळीत शिसे भरायचे. या शेवटच्या कारागिरीचा उल्लेख तर कलम २४६ च्या स्पष्टीकरणातच आहे : नाण्याचा भाग खरवडून काढून पोकळीत दुसरे काही भरणारा माणूस नाण्याचे मिश्रण बदलतो. असले नाणे खपवणाऱ्यांसाठीही हीच उतरंड. मिळाले तेव्हाच फेरफार माहीत असेल तर भारतीय नाण्यासाठी दहा वर्षांपर्यंत (कलम २५१). नंतर कळले आणि तरी पुढे सरकवले तर दोन वर्षे किंवा दहापट दंड (कलम २५४). इथे एक बारकावा सुरेख आहे. दहापट कशाच्या? हातातल्या नाण्याच्या नव्हे, तर ते ज्या नाण्याच्या जागी चालवले त्याच्या. म्हणजे कमी किमतीच्या नाण्याला मुलामा देऊन ते मोठ्या किमतीचे म्हणून दिले, तर हिशेब मोठ्या किमतीवर.

मुलाम्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. १८८३ साली तिथे पाच सेंटचे निकेलचे नवे नाणे निघाले. त्याच्या मागे नुसता रोमन पाचाचा आकडा होता. 'सेंट' हा शब्द टांकसाळीने घातलाच नव्हता. आकाराने ते पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या जवळपास. हुशार लोकांनी त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि पाच डॉलरचे नाणे म्हणून दुकानांत खपवले. सरकारने त्याच वर्षी घाईघाईने शब्द घातला. नाणे अस्सल, ठसा अस्सल, खोटे होते ते फक्त रूप. म्हणूनच आपल्या संहितेत नाणे नकली बनवण्याच्या व्याख्येला जोडून सांगितले होते, की खऱ्या नाण्याला दुसऱ्या नाण्याचे रूप देणारासुद्धा नकली नाणेच बनवतो. नक्कल हुबेहूब असण्याचीही गरज नाही.

ही उतरंड आपल्याकडच्या जुन्या शास्त्रांत नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात खोटे नाणे पाडणारा, स्वीकारणारा आणि चालवणारा या तिघांना एकच दंड आहे : एक हजार पण. तेच नाणे राजाच्या कोशात टाकले तर देहदंड. म्हणजे कोण फसवतो यापेक्षा कोणाला फसवतो हे कौटिल्याच्या लेखी महत्त्वाचे. खोटी नाणी पाडणारा ओळखावा कसा, हेही त्याने सांगून ठेवले आहे. जो वारंवार धातू, क्षार, कोळसे, भाते, सांडशी, ऐरणी आणि मुशी खरेदी करतो, ज्याच्या हातांना आणि कपड्यांना काजळी, राख आणि धूर लागलेला असतो, त्याच्याकडे गुप्तहेराने शिष्य म्हणून राहावे आणि खात्री करून घ्यावी. आजच्या पोलिसांचा 'बोगस गिऱ्हाईक' पाठवण्याचा प्रकार काही फार नवा नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीही याच वळणाची. तराजू, राजशासन, मापे आणि नाणी खोटी करणारा आणि त्यांनी व्यवहार करणारा, दोघांना उत्तम साहस नावाचा सर्वांत वरचा दंड, १०८० पण. पण तिथे आणखी एक माणूस त्याच ओळीत उभा केला आहे. नाणे पारखणारा, जो खऱ्याला खोटे किंवा खोट्याला खरे म्हणतो, त्यालाही तोच दंड. कौटिल्य या पारख्याला बारा पणांवर सोडतो. याज्ञवल्क्याने त्याला थेट खोटी नाणी पाडणाऱ्याच्या रांगेत बसवले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

पेशवाईत या पारख्याच्या जागी सराफ होता. टांकसाळी बहुतेक खासगी, सरकारी परवान्यावर चालणाऱ्या. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, पुण्याचा हाली सिक्का वेगळा, आणि एकाच बाजारात सगळे एकदम. त्यामुळे रुपया घ्यायचा तो वाजवून आणि पारखून, आणि वजनात किंवा कसात कमी भरला तर बट्टा कापून. अशा बाजारात 'खोटे' आणि 'कमी प्रतीचे' यांच्यातली रेघ पुसटच असणार. हलका रुपयाही कुठल्या तरी भावाने चालेच. नाणे एकतर खरे किंवा खोटे, मधले काही नाही, ही कल्पना पक्की झाली ती १८३५ च्या एकसारख्या रुपयानंतर. आणि त्याच सुमारास, कलकत्त्यात, त्या रुपयाला दाखल्यात घालणारी संहिता लिहिली जात होती.

ती लिहिणाऱ्या आयोगाचा म्होरक्या होता थॉमस मेकॉले. मसुदा १८३७ मध्ये तयार झाला. कायदा होण्यास १८६० उजाडले आणि अंमल १ जानेवारी १८६२ पासून. मेकॉले ज्या देशातून आला होता तिथली परंपरा भयानक होती. इंग्लंडमध्ये राजाचे नाणे बनावट करणे हा चौदाव्या शतकापासून राजद्रोह होता. पुढे कडा कातरणेही त्यातच आले. सर आयझॅक न्यूटन १६९६ मध्ये लंडनच्या टांकसाळीचा अधिकारी झाला आणि या शास्त्रज्ञाने साक्षीपुरावे जमवून विल्यम चॅलनर नावाच्या बड्या बनावटखोराला १६९९ मध्ये फासावर चढवले. पुरुषांना फाशी, तर बायकांना राजद्रोहासाठी जाळण्याची शिक्षा. या शिक्षेची शेवटची बळी कॅथरीन मर्फी. तिचा गुन्हाही नाणी पाडण्याचाच, आणि साल होते १७८९. (आधी गळफास देऊन मग जाळले, हीच काय ती दया.) नाण्यांसाठीचा देहदंड तिथे १८३२ मध्ये संपला.

पण एक गोष्ट अशी, की एवढ्या क्रूर कायद्यातही खपवणाऱ्याला वेगळे ठेवले होते. १७४२ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणे खोटे नाणे जाणूनबुजून चालवणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिने, दुसऱ्या वेळी दोन वर्षे आणि तिसऱ्या वेळी मात्र मरण. पाडणारा एकदाच पुरे. चालवणाऱ्याला दोन संधी. मेकॉलेला नाण्यांच्या या इतिहासाचे चांगलेच वेड होते. पुढे त्याने लिहिलेल्या इंग्लंडच्या इतिहासात १६९५ च्या कातरलेल्या नाण्यांच्या गोंधळाचे आणि नवी नाणी पाडण्याचे वर्णन सविस्तर येते. त्याच्या आयोगाने 'घ'ची पायरी केली ती भाबडेपणाने नव्हे. कातरलेली नाणी देशभर फिरत असताना प्रत्येक सामान्य माणूस कसा 'घ' होतो, हे त्याला पुरते ठाऊक होते.

नोटांचे मात्र वेगळे झाले. बनावट नोटांची कलमे, ४८९ अ ते ड, १८९९ मध्ये घातली गेली, आणि तिथे 'घ'साठी पायरीच ठेवली नाही. बनावट नोट जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, विकली, घेतली वा खरी म्हणून वापरली की जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे सव्वाशे वर्षे अशी विसंगती राहिली, की दहा रुपयांचे खोटे नाणे कळल्यावर पुढे सरकवणाऱ्याला दोन वर्षांची कमाल, आणि दहा रुपयांची खोटी नोट सरकवणाऱ्याला जन्मठेपेची.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहिता २०२३ ने ही विसंगती काढून टाकली. कशी, ते पाहण्यासारखे आहे. नाणी, सरकारी मुद्रांक, चलनी नोटा आणि बँक नोटा या सगळ्यांना एकत्र बांधून कलम १७८ ते १८१ मध्ये बसवले. कलम १७८ बनावट करण्याचे, १७९ खरे म्हणून वापरण्याचे, १८० जवळ बाळगण्याचे, १८१ हत्यारांचे. टांकसाळीच्या नोकरांची दोन कलमे १८७ आणि १८८ म्हणून तशीच राहिली. नाण्याचे वजन घटवणे, मिश्रण बदलणे किंवा रूप बदलणे हे सगळे आता 'नाणे बनावट करणे' यातच मोडते. फेरफाराचा वेगळा गट गेला. देशी आणि परदेशी नाण्यांतला फरकही गेला. पंचवीस कलमांचा पसारा आवरला, हे मान्य. पण आवरताना साचा घेतला तो नोटांचा. कलम २४१ आणि २५४ यांची जागा घेणारे काही नव्या संहितेत नाही. 'क', 'ख', 'ग' आणि 'घ' यांचा दाखलाही गळाला.

याचा अर्थ, 'घ'ने आज तेच केले तर ते कलम १७९ मध्ये येते. कमाल शिक्षा जन्मठेप, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. जन्मठेप कुणी देणार नाही, हे उघड आहे. किमान शिक्षा ठरवलेली नसल्याने न्यायाधीश अगदी थोडी कैदही देऊ शकतो. पण कायद्यात कमाल शिक्षेचे परिणाम निकालाच्या फार आधी सुरू होतात. गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. शिवाय १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातले कलम ४, ज्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पहिल्या चुकीच्या माणसाला सोडता येते, ते मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना लागू होत नाही. म्हणजे पूर्वी ज्याला शंभर रुपये दंड करून घरी पाठवता आले असते, त्याच्यासाठी आता ती वाटही बंद. मला विचाराल तर ही विसंगती उलट बाजूने मिटवायला हवी होती. नाण्यांची सवलत नोटांना द्यायची, नोटांची कठोरता नाण्यांना नव्हे. फ्रान्सच्या दंड संहितेत आजही ती पायरी शाबूत आहे. खोटे चलन चालवणाऱ्याला दहा वर्षांची कैद. पण खरे समजून घेतलेले आणि नंतर खोटे कळूनही पुन्हा चालवलेले असेल, तर फक्त ७,५०० युरोंचा दंड. फ्रेंच लोक खोट्या पैशाबाबत ढिले आहेत असे कुणी म्हणणार नाही.

नव्या संहितेत 'घ'च्या बाजूने एक वाक्य मात्र आले आहे, आणि ते जुन्या कायद्यात नव्हते. कलम १८० च्या स्पष्टीकरणाप्रमाणे खोटे नाणे किंवा नोट आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे माणसाने दाखवून दिले, तर ती जवळ असणे हा त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. पगारात आली, बँकेतून आली, मालाच्या बदल्यात आली, एवढे सिद्ध करता आले की सुटका. मात्र हे संरक्षण बाळगण्यापुरते. ती पुढे सरकवली की कलम १७९ आणि तिथे असले स्पष्टीकरण नाही.

मग खटल्यात सगळे काही एका प्रश्नावर येऊन थांबते : आरोपीला माहीत होते का? किंवा तसे मानण्यास पुरेसे कारण होते का? 'कारण असणे' म्हणजे नुसता संशय नव्हे. पुरेसे कारण असावे लागते, एरवी नाही, असे संहितेतच लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोटांच्या प्रकरणांत ही रेघ ठळक करून ठेवली. १९७९ च्या मम्मुट्टी खटल्यात नोटा अशा नव्हत्या, की पाहताच कुणालाही खोट्या वाटाव्यात; आरोपीला ते ठाऊक होते हे दाखवता आले नाही, म्हणून तो सुटला. २००१ च्या उमाशंकर खटल्यातही न्यायालयाने हेच सांगितले, की खोटी नोट नुसती जवळ सापडली किंवा दिली एवढ्यावरून मनातला हेतू गृहीत धरता येत नाही. तो सरकार पक्षाने सिद्ध करायचा. नाण्यांच्या बाबतीत हे आणखी अवघड. नोट उजेडात धरून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. दोन रुपयांचे नाणे कोण उजेडात धरतो? म्हणून पोलीस संख्या, पॅकिंग आणि खरेदीचा भाव पाहतात. खिशात एक खोटे नाणे असणे आणि पन्नास थैल्या सारख्याच नाण्यांनी भरलेल्या असणे, यांतला फरक कुठलाही न्यायाधीश ओळखतो. दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात नाणी विकत घेतली असतील, तर 'मला माहीत नव्हते' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

कुणी म्हणेल, पाच-दहा रुपयांची नाणी बनवून मिळते किती? २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मुंबई टांकसाळीने दिलेले आकडे पाहा. दहा रुपयांचे नाणे पाडायला ५ रुपये ५४ पैसे, पाचाचे ३ रुपये ६९ पैसे, आणि एक रुपयाचे मात्र १ रुपया ११ पैसे. मोठ्या नाण्यात टांकसाळीलाच निम्म्याच्या आसपास फरक राहतो; हलका धातू, स्वस्त ठसा वापरणाऱ्याला त्याहून जास्त. आणि कुणी तपासत नाही, हा तर त्याचा खरा नफा. २०२३ च्या सुरुवातीला दिल्ली पोलिसांनी मालाडमध्ये धाड घालून नऊ लाखांहून जास्त दर्शनी किमतीची बनावट नाणी पकडली होती. एवढी सुटी नाणी एका ठिकाणी बाळगणाऱ्याला ती कुठून आली हे माहीत नव्हते, असे मानायला बरेच मोठे मन लागेल. असल्या टोळ्यांसाठी आता कलम ११३ ही आहे. देशाची एकता किंवा आर्थिक सुरक्षितता धोक्यात आणण्याच्या हेतूने बनावट नोटा किंवा नाणी पाडणे, त्यांची तस्करी करणे अथवा त्या चालवून आर्थिक स्थैर्याला धक्का देणे हे दहशतवादी कृत्यात मोजले जाते. एकदा या प्रकरणात शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला तर शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद जुन्या कलम ७५ मध्ये होती, ती नव्या कलम १३ मध्ये आहे. चोरी-दरोड्याच्या प्रकरणाखेरीज ही वागणूक मिळते ती फक्त नाण्या-नोटांच्या प्रकरणाला.

आता तो याज्ञवल्क्याचा पारखी. दहा रुपयांच्या नाण्यांबाबत काही वर्षांपूर्वी जो गोंधळ झाला, तो आठवत असेल. रुपयाचे चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे. दहा किरणांचे खरे, पंधरा किरणांचे खोटे. अशा अफवा मोबाइलवरून फिरल्या आणि गावोगावचे दुकानदार स्वतःच टांकसाळीचे परीक्षक झाले. रुपयाचे चिन्ह नाण्यांवर आले तेच मुळी २०११ पासून; त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगावे लागले, की दहा रुपयांची चौदा निरनिराळ्या रूपांतली नाणी आजवर काढली आहेत आणि ती सगळीच कायदेशीर चलन आहेत. तरीही काही बाजारपेठांत ती पुढे कित्येक महिने नाकारली जात होती. खऱ्याला खोटे म्हणणाऱ्या या पारख्यांसाठी आजच्या संहितेत १०८० पण नाहीत. २०११ च्या नाणे कायद्याने एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन ठरवली आहेत, एवढाच काय तो आधार. या अफवांनी खोट्या नाण्यांना मोठे बळ दिले, असे मला वाटते. खरे आणि खोटे सगळेच संशयित झाले, की 'मला काय माहीत' हे वाक्य प्रत्येकालाच शोभू लागते.

जाता जाता त्याच २०११ च्या कायद्यातल्या दोन गमती. त्यात 'नाणे' या शब्दात भारत सरकारची एक रुपयाची नोटही धरली आहे. म्हणजे तो कागद कायद्याने नाणे आहे. आणि नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा त्यात वेगळा गुन्हा असून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे घडवण्याइतकाच मोडण्यातही कायद्याला रस आहे. शिवरायी, होन वगैरे जुन्या नाण्यांच्या नकली प्रती संग्राहकांना विकणारे मात्र या सगळ्यात बसत नाहीत. ती आज पैसा म्हणून चालत नाहीत, म्हणून कायद्याने ती नाणीच नव्हेत. तिथे फसवणुकीचे कलम ३१८ लावायचे. जुनी नाणी जमवणाऱ्यांनी तक्रार करताना हे लक्षात ठेवले तर पोलीस ठाण्यातला एक हेलपाटा वाचेल.

आणि ज्याच्या हातात खरोखरच एक खोटे नाणे आले आहे, त्याने काय करावे? ते दुसऱ्याला देऊ नये. बँकेत किंवा पोलीस ठाण्यात द्यावे आणि ते कुठून आले हे आठवेल तेवढे सांगावे. बदल्यात पैसे मिळणार नाहीत. खोट्या नोटेचेही तेच. बँक तिच्यावर ती बनावट असल्याचा शिक्का मारते, पावती देते आणि ठेवून घेते. एका व्यवहारात पाच किंवा अधिक निघाल्या तर पोलिसांकडे थेट गुन्हा नोंदवते, चारपर्यंत असतील तर महिन्याच्या अहवालात कळवते. चांदीच्या दिवसांत परिस्थिती थोडी बरी होती. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे सरकारी अधिकारी खोटे नाणे तिथेच कापून टाकी आणि ते चांदीचे असेल तर त्याला वाटल्यास तुकड्यांची चांदी तोलून तेवढी किंमत आणणाऱ्याच्या हातावर ठेवी. बाकीच्या नाण्यांच्या तुकड्यांचा तोटा आणणाऱ्यानेच सोसायचा, असे तेव्हाही लिहिलेले होते.